काकी खिडकीबाहेर

काकीला उलटी झाली, असं कुणी सांगितलं असतं तर त्या भटारखान्यातल्या एकानेही ते खरं मानलं नसतं. अहो, काकीचं पोट म्हणजे काय साधंसुधं पोट होतं? करपलेलं, खारट झालेलं, अर्धंकच्चं, सगळं तिने आयुष्यभर चाखलं आणि पचवलं. सभागृहामागच्या त्या भल्यामोठ्या भटारखान्याची ती मुख्य आचारी. तिचा आवाज असा की सगळ्या शेगड्या भडकलेल्या असताना मागच्या मोरीपर्यंत पोहोचायचा. आणि दर दोन दिवसांनी ती एक वाक्य ऐकवायचीच. "माझ्या हातचं खाऊन आजवर एकाचंही पोट बिघडलेलं नाही!" नवा माणूस कामाला लागला की मीठ कुठे, तेल कुठे हे कळायच्या आधी त्याला हे वाक्य पाठ व्हायचं.

तर अशा या काकीला भर दुपारी, उद्याच्या मोठ्या जेवणाची तयारी चालू असताना, पोटात ढवळून आलं. ती मागच्या अंगणात गेली, गॅसच्या सिलिंडरांच्या आडोशाला वाकली आणि मोकळी झाली. कुणी पाहिलं नाही. मग तिने चूळ भरली, नळाखाली बोटं ओली केली, दारात मालकाने टांगलेल्या बाटलीतलं ते थंडगार जेल दोन्ही तळहातांना चोळलं आणि आत आली. उन्हाचा त्रास, दुसरं काय! पुडिंग तयार होऊन निवत होतं. काकीने चवीची पळी उचलली.

आता ही पळी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं. पळी लाकडाची, दांडा हाताळून हाताळून काळा पडलेला. काकीच्या आधीच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने ती काकीला दिली होती, त्याला त्याच्या गुरूने दिली होती. ज्याच्या हातात पळी, तो भटारखान्याचा धनी. आणि त्या भटारखान्याची रीतच अशी होती की मुख्य आचाऱ्याने पळीने चाखायचं आणि तीच पळी, तशीच, आपल्या खालच्या माणसाच्या हाती द्यायची. त्यानेही तिनेच चाखायचं. दोन जिभांचं एकमत झालं की पदार्थ पास. मध्ये पळी धुतली तर? छे, छे! तो अपमान. माझं उष्टं तुला चालत नाही का, असा त्याचा अर्थ व्हायचा. एकदा एका नव्या पोरीने पळी नळाखाली धरली, तर काकी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

काकीने पुडिंग चाखलं. "वा!" ती म्हणाली आणि पळी बहाद्दरच्या हातात दिली.

बहाद्दर म्हणजे तिच्या हाताखालचा पहिला आचारी. त्याचं खरं नाव त्याची बायको तरी घेत होती की नाही, देव जाणे. ओठांवर अशा झुपकेदार मिशा की सगळे त्याला मिशीबहाद्दर म्हणायला लागले आणि पुढे मिशी गळून नुसता बहाद्दर उरला. माणूस कामाला वाघ, पण त्या पळीवर त्याचा डोळा होता. काकी कधी थकते आणि पळी कधी आपल्याकडे येते, याची तो कितीतरी वर्षं वाट बघत होता. त्याने चाखलं, मिशी पुसली, म्हणाला, "झकास." पुडिंगची पातेली थंड खोलीत गेली.

संध्याकाळी काकी घरी आली आणि मग मात्र पोटाने तिची पुरती भंबेरी उडवली. वरून आणि खालून, दोन्हीकडून. सून हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिने सासूला पलंगावर आडवं केलं, जवळ बादली ठेवली आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला बसली.

"आई, परवा चिमी तुमच्या खांद्यावर ओकली होती, आठवतंय? तेच आहे हे."

चिमी म्हणजे तीन वर्षांची नात. दोन दिवस मलूल पडून आता ती पलंगाच्या पायथ्याशी उड्या मारत होती.

"चिमीचा आजार मला?" काकी उसळली. "मी काय पाळण्यातली आहे?"

"हा व्हायरस वय विचारत नाही. लहानांना होतो, मोठ्यांनाही होतो. चिमीला रोटाच्या लशीचे थेंब पाजलेत, त्यातून ती वाचली. हा त्याचा भाऊबंद, नोरो. याची लस नाही. घोट घ्या."

"घेते गं! म्हणजे उद्या सकाळपर्यंत ठणठणीत."

"तुम्ही ठणठणीत व्हाल, पण तो तुमच्या पोटातून बाहेर पडतच राहणार. उलटी-जुलाब थांबल्यावर पुरे दोन दिवस कुणाच्या अन्नाला हात लावायचा नाही. आणि मालकांची ती बाटली चोळून काही होत नाही, याला ती लागू पडत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात घासायचे."

काकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी जन्मभर शेगडीपुढे उभी राहिले आणि तू कालची पोर मला स्वयंपाक शिकवतेस?"

"स्वयंपाक नाही शिकवत. घोट घ्या."

काकीने घोट घेतला. मग तिच्या नेहमीच्या आवाजाला न शोभेल इतक्या हळू तिने विचारलं, "अगं, समजा असं झालेलं असताना कुणी एखादा पदार्थ चाखला. पळी पुन्हा त्याच पातेल्यात घातली. तर?"

"पदार्थ पुन्हा उकळणार आहे का?"

"नाही. गार आहे. गारच वाढायचा."

सुनेचा चमचा हवेतच राहिला. "कुणी चाखला, आई?"

काकीने तोंड फिरवलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला पोटाचं काहीच वाटत नव्हतं. तिला दिसत होती पुडिंगची पातेली, आणि उद्या ते खाणारी माणसं. एका जुन्या शाळेचा मेळावा होता. काठी टेकत येणारे निवृत्त शिक्षक येणार होते, त्यांचे विद्यार्थी येणार होते, त्या विद्यार्थ्यांची कच्चीबच्ची येणार होती. चिमीएवढी.

सकाळी काकी खरंच ठणठणीत होती. मालकाचा फोन आला. काकीने आदल्या दिवशीचं सगळं, अगदी सगळं, सांगून टाकलं. पलीकडून मालक आधी हसला, मग चिडला.

"काकी, तुमचा आवाज तर खणखणीत येतोय! मुकाट्याने या. पुडिंगचं कुणाजवळ बोलू नका. आणि यायचं नसेल तर तसं सांगा, आजपासून बहाद्दरला मुख्य करतो. पळी त्याच्या हातात."

फोन ठेवून काकीने केस बांधले, चपला घातल्या. सून दारात आडवी उभी राहिली.

"सरक," काकी म्हणाली. "जाणार आहे. पण आत पाय ठेवणार नाही, झालं समाधान?"

भटारखान्याची एक मोठी खिडकी मागच्या अंगणात उघडायची. काकीने भाजीचं रिकामं खोकं उपडं केलं, खिडकीपासून चांगलं लांब ओढलं आणि त्यावर ठाण मांडलं. मग जे तोंड सुटलं, की आतल्या पातेल्यांची झाकणं हलावीत.

"ए! भाताचं आधण चढलं का? कोण हसतंय तिकडे? कांदा परतताय की उकडताय? वास इथवर कच्चा येतोय!"

आतले सगळे खिडकीशी गोळा झाले. भांडी घासणारी मावशी हातातला काथ्या तसाच घेऊन आली. "अगं बाई! काकी, तुम्ही बाहेर का बसलात?"

"आजारी आहे म्हणून."

"मग घरी का नाही बसलात?"

"आजारी आहे, मेलेली नाही!" काकी म्हणाली. "बहाद्दर कुठाय? त्याला बोलव."

बहाद्दर आला. कमरेला चवीची पळी खोचलेली. मालकाने सकाळीच त्याच्या हाती दिली असणार. काकीच्या काळजात चर्र झालं, नाही असं नाही. पण तिची नजर पळीवरून त्याच्या तोंडावर गेली आणि तिथेच थांबली. चेहरा पांढराफटक. कपाळावर घाम, आणि तो शेगडीचा नव्हे. सारखा आवंढा गिळत होता. एक हात ओट्याला घट्ट धरलेला.

"बहाद्दर, किती वेळा गेलास?"

"कुठे?"

"सोंग करू नकोस. पोट बिघडलंय तुझं."

"काहीतरीच काय काकी! मस्त आहे मी."

"घे मिशीची शपथ."

सगळ्यांनी बहाद्दरकडे पाहिलं. मिशीची शपथ त्याने उभ्या आयुष्यात खोटी घेतली नव्हती. त्याचा हात मिशीपर्यंत गेला आणि खाली आला. पुढच्याच क्षणी तो तोंडावर हात दाबून मागच्या दाराने बाहेर धावला. सिलिंडरांच्या आडोशाला. काल काकी जिथे वाकली होती, नेमकं तिथेच.

तो बादली घेऊन परत आला. काकीने दुसरं खोकं पायाने त्याच्याकडे ढकललं. तो त्याच्यावर मटकन बसला आणि चिडून म्हणाला, "तुम्हीच दिलंत हे मला, काकी. कालच्या पळीतून. दिलंत ना?"

"दिलं," काकी म्हणाली. "मीच दिलं. मला काय झालंय ते मला कळलं नव्हतं. पण तुला कळलं होतं, गाढवा! पहाटेपासून ओकत होतास आणि तरी शेगडीवर उभा राहिलास."

"आज नाही उभा राहिलो तर पळी परत गेली असती." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिशीवाल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की बघवत नाही. काकीचा राग निम्मा उतरला.

"सकाळपासून कशाकशाला हात लावलास? आठवून सांग."

"काकडी-टोमॅटो कापले. ती परात भरून ठेवलीय. रश्श्याचं वाटण केलं. चाखलं अजून काही नाही, जीभच चालत नव्हती."

काकीने खिडकीकडे तोंड केलं. "ती कापलेली परात टाकून द्या! वाटण रश्श्यात जाईल, पण खळखळून उकळी येऊ द्या, झाकण ठेवून चांगला वेळ. ओटा, नळ, दाराच्या कड्या, सगळं ब्लीचच्या पाण्याने पुसा. आणि हात साबणाने! त्या बाटलीला कुणी हात लावलात तर बघा! पुडिंगची पातेली थंड खोलीतून बाहेर काढा आणि ओता."

एवढ्यात मालक आला. मघापासून तो सभागृहात खुर्च्या मांडून घेत होता, आरडाओरडा ऐकून धावत आला. अंगणात दोन मुख्य आचारी दोन खोक्यांवर, एकाच्या मांडीवर बादली. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय तमाशा आहे हा? कोण काय ओततंय?"

"पुडिंग," काकी म्हणाली.

"डोकं फिरलंय का? पाहुणे यायची वेळ झाली! अहो, एका पळीने काय होतंय? डोळ्यांना दिसत तरी आहे का काही?"

"दिसलं असतं तर मी वेचून काढलं असतं, मालक. एवढुशा थेंबात कितीतरी जंतू असतात म्हणे, आणि माणसाला आडवं करायला चिमूटभरसुद्धा लागत नाहीत. हा बसलाय ना समोर पुरावा, मिशा घेऊन!"

"उद्या कुणाचं पोट दुखलंच, तर म्हणू की उन्हाने झालं, घरी काही खाल्लं असेल. कोण विचारायला येतंय?"

हे बोलायला नको होतं त्याने. काकी उभी राहिली. आयुष्यभर कुठेही कुणी ओकलं की लोक आधी आचाऱ्याकडे बोट दाखवायचे, आणि काकी छातीठोकपणे म्हणायची की माझ्याकडचं नाही, तिकडे बघा. त्या छातीठोकपणावर तर ती जगत आली होती. आणि आज हा माणूस तिला तेच वाक्य खोटं बोलायला सांगत होता.

"पुडिंग ओतता की नाही?"

"नाही."

"मग मी फाटकाशी उभी राहते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की गोड खाऊ नका."

मालक हसला. "सांगा ना! खुशाल सांगा. तुमचंच नाव मातीत जाईल. माझ्या हातचं खाऊन एकाचंही पोट बिघडलेलं नाही म्हणत होतात ना? जा, सांगा!"

त्याला वाटलं, इथे काकी गप्प बसेल. त्याला काय, कुणालाही तेच वाटलं असतं. काकी मात्र इमारतीला वळसा घालून चालायला लागली.

फाटकाशी पहिली गाडी येऊन उभीच होती. एक वयस्कर शिक्षिका काठी टेकत उतरत होत्या, आणि त्यांचा हात धरून एक फ्रॉकवाली पोर. काकी लांबच उभी राहिली आणि आपल्या त्या आवाजात, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली:

"बाई, नमस्कार! मी इथली मुख्य आचारी. आज गोड खाऊ नका, या छोटीलाही देऊ नका. काल मला उलटी झाली होती आणि मी तशीच ते चाखलं. पोटाचा संसर्ग आहे, मुलाबाळांना आणि वयस्करांना फार छळतो. बाकीचं जेवण उकळून, स्वच्छ हातांनी होतंय. चूक माझी आहे."

मागून दुसरी गाडी आली होती, तिच्यातले चौघेही ऐकत उभे राहिले. काकीचा चेहरा लालबुंद झाला होता. शिक्षिकाबाईंनी चष्मा सावरून तिच्याकडे नीट पाहिलं.

"गोड अजून आत आहे?"

"आहे. मालक ओतू देत नाहीत."

"कोण आहेत हे मालक?" बाईंनी विचारलं. विचारण्याची तऱ्हा अशी की आख्खा वर्ग उठून उभा राहावा.

मालक पाठोपाठ धावत आलेलाच होता. हात जोडून, तोंडभर हसून, घामाघूम होऊन तो म्हणाला, "नाही नाही बाई, ओततोच आहोत! तेच सांगायला आलो होतो!"

काकीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि परत आपल्या खोक्यावर येऊन बसली. एकामागून एक पातेलं बाहेर आलं. मावशीने ती ओतली, ब्लीच घालून ठेवली, कोपरापर्यंत हात घासले. बहाद्दर बादलीत डोकं घालून होता. काकीने आपल्या पिशवीतून मीठ-साखरेच्या पाण्याची दुसरी, न उघडलेली बाटली काढून त्याच्या पायाशी ठेवली. "घोट घोट पी. घटाघटा प्यायलास तर पुन्हा येईल."

"नर्ससारखे हुकूम सोडताय तुम्ही," बहाद्दर पुटपुटला.

"माझी सून आहे नर्स. तिचंच ऐकवतेय. पी."

आत रस्सा रटरटत होता. आता चाखायचा कुणी? आतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बहाद्दरने बाहेर पळताना पळी ओट्यावर टाकली होती. मावशीने दांड्याला फडकं गुंडाळून ती उचलली आणि खिडकीतून काकीपुढे धरली. सवयच ती. "घ्या काकी, तुमची पळी. ओट्याबरोबर हीसुद्धा ब्लीचने धुतली मी. बाहेर बसूनच चाखा."

काकी पळीकडे बघत राहिली. म्हाताऱ्या आचाऱ्याने ती तिच्या हातात दिली होती तेव्हा ती ढसाढसा रडली होती. त्या दांड्याचा प्रत्येक ओरखडा तिला ठाऊक होता. शेजारी बहाद्दरही मान वर करून पळीकडेच बघत होता.

"शेगडीत घाल," काकी म्हणाली.

"काय?"

"ऐकू येत नाही का? शेगडीत घाल. लाकूड आहे, जुनं आहे, भेगा पडल्यात. भेगांत काय काय बसलंय, ते तुला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. घाल!"

बहाद्दरच्या तोंडून एक आवाज निघाला. काकीने त्याच्या खांद्याकडे हात नेला आणि आठवण होऊन मागे घेतला. "रडू नकोस रे. तुझ्या हाती नाही आली, माझ्याही हाती नाही राहिली. फिट्टंफाट."

मावशीने डोळे मिटून पळी जाळात टाकली. तेल मुरलेलं लाकूड, भर्रकन पेटलं.

"आता स्वच्छ चमचा घे," काकी ओरडली, "आणि तूच चाख. चाखलंस की चमचा धुवायला टाक. दुसऱ्या पातेल्याला दुसरा चमचा. आजपासून इथे हीच रीत!"

"मी? मला कुठे चव कळते काकी, मी भांडी घासणारी!"

"जेवतेस ना रोज? मग कळते!"

मावशीने भीत भीत चाखलं. जीभ टाळ्याला लावली. "मीठ कमी वाटतंय."

"मग घाल की! मला काय विचारतेस?"

जेवण झालं. गोडाविना झालं, पण झालं. पंगती उठल्या तेव्हा मालक अंगणात आला. पाहुण्यांसमोर कोंडून ठेवलेला सगळा राग त्याच्या चेहऱ्यावर होता.

"झालं मनासारखं? भर फाटकात माझी अब्रू काढलीत. उद्यापासून यायचं नाही! दोघांनीही!"

काकी उठली. खोकं उचलून जागेवर ठेवलं. मग मालकाकडे वळून शांतपणे म्हणाली, "उद्या येणारच नाही, मालक. परवासुद्धा येणार नाही. तुम्ही गाडी पाठवलीत, पाया पडलात तरी येणार नाही."

मालक गोंधळला.

"त्यानंतर येईन," काकी म्हणाली. "हा थोडा उशिरा येईल, हा अजून ओकतोय. तोवर मोरीशी साबण ठेवा."